ताटाभोवतीचं पाणी

लक्ष्मीबाई नगरातल्या त्या बाल्कनीत बाराच्या सुमाराला कुठे जरासं ऊन उतरलं. दिल्लीच्या जानेवारीतलं ऊन, त्याचा काय भरवसा! अण्णासाहेबांनी लगबगीने त्यात चटई टाकली. रेवतीने सासऱ्यांपुढे वरणभाताचं ताट ठेवलं. त्यांनी डोळे मिटून ताटाभोवती पाणी फिरवलं आणि घास न घेताच विचारलं,

"आज चंद्रप्रभा कुठवर पोचली गं?"

चंद्रप्रभा म्हणजे अरबी समुद्रातली एक देवमाशाची मादी. पाठीवर यंत्र लावलेली, पिल्लाला घेऊन उत्तरेकडे निघालेली. ती पाण्यावर आली, की रेवतीच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर ठिपका उमटायचा. नाव ठेवलं होतं नातीने, इशिताने, आपल्या आजीचं. आजी जन्मभर "मला एकदा समुद्रावर न्या हो" म्हणत राहिली. नेऊ नेऊ म्हणता राहूनच गेलं.

"रेषेबाहेर गेली, अण्णा."

ती रेषा रेवतीनेच आखली होती. आत देवमाशांसाठी राखलेला समुद्र, तिथे जहाजांनी हळू जायचं. बाहेर जहाजं सुसाट जायची. यंदा मासळी वर उत्तरेला सरकली आणि ठिपकाही तिच्यामागे गेला. नकाशा उद्या मंजूर व्हायचा होता. सकाळी तिने साहेबांना फोन केला, तर ते हसले. "रेवतीजी, लाइन तो फाइनल है. अब मछली को समझाइए."

"मग आता तिचं काय?"

"काय असणार! जहाज आडवं आलं नाही, तर वाचेल."

खाली कडुनिंबांमध्ये धुकं अजून संथ हलत होतं. बघता बघता रेवतीला वाटलं, त्यातून काहीतरी भलंमोठं, काळंभोर वर येतंय. शेजारी त्याचंच लहानगं. समोरच्या क्वार्टरांवरच्या टाक्यांना अलगद वळसा घालून दोघं पुढे चाललीत. "थांब गं बाई," ती पुटपुटली.

"आजोबा, यार, तुमचं ऊन पळालं!" इशिता आतून बाहेर येत ओरडली.

खरंच ऊन बाल्कनीच्या दुसऱ्या टोकाला गेलं होतं. अण्णासाहेबांनी चटई ओढली, ताट उचलून तिकडे नेलं. मग तांब्यातलं पाणी तळहातावर घेतलं आणि पुन्हा ताटाभोवती फिरवलं.

"अहो, एकदा फिरवलं ना! वरण गार झालं."

"ते तिकडे राहिलं गं. ताट इथे आलंय."

आधीच्या जागी, सावलीत, फरशीवर ओलं वर्तुळ तसंच होतं. आत काही नव्हतं. रेवती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने फोन उचलला.

"सर, संडे को फिर से, सॉरी. कल फाइल मत भेजिए. मछली नहीं समझेगी, सर. लाइन को ही साथ चलना पड़ेगा."

पलीकडून साहेबांचा वैतागलेला आवाज आला, "कितनी बार बदलेंगे लाइन?"

"जितनी बार वो आगे जाएगी."

ऊन पुन्हा सरकायला लागलं होतं. अण्णासाहेब पहिला घास हातातच धरून तिच्याकडे बघत होते. दुसऱ्या हाताने त्यांनी तांब्या जवळ ओढून घेतला.