मशीनची राखण

दिवसातलं शेवटचं गाव. शिडी चढून कौसाआजींच्या गच्चीवर पोचेपर्यंत दिघेचे गुडघे बोलायला लागले होते. हवेतलं कीटकनाशक टिपणाऱ्या मशीनचा फिल्टर त्यानं बदलला. याही वेळी त्यावर काही सापडणार नव्हतं. शहरातल्या फिल्टरवरसुद्धा औषधाचा अंश मिळत होता, आणि चहूबाजूंनी द्राक्षबागा असलेल्या या गावाची हवा मात्र हंगामभर निर्मळ! वरचे साहेब त्यालाच फैलावर घेत होते.

“आजी, हल्ली बागांना औषध मारत नाहीत का?” त्यानं तिथंच बसकण मारत विचारलं.

“मारतात की. दिवसाआड.” आजींनी कोपऱ्यातलं जुनं लुगडं उचलून दाखवलं. त्याच्या उग्र वासानं दिघेला ठसका लागला. “फवारणीचा ट्रॅक्टर आला की मी हे मशीनवर टाकते. तुम्हीच म्हणाला होता ना दादा, महागाची वस्तू आहे, जपा. ते औषध लई वंगाळ. मशीन बिघडलं म्हणजे?”

हंगामभराच्या खेपा पाण्यात गेल्या होत्या. पण चिडायलाही दिघेच्या अंगात बळ नव्हतं.

“आणि तुम्ही? तेवढा वेळ घरात बसता ना?”

“घरात बसून कसं चालंल?” आजी म्हणाल्या. “वाऱ्यानं लुगडं उडतंय. फवारणी संपेस्तोवर मी इथंच ते धरून बसते.”