चौथं गाणं

अख्खा हिवाळा जाळी रिकामी आली होती. आणि आज, नेमक्या रविवारी, गाव प्रार्थनाघरात बसलेलं असताना खाडीवर समुद्रपक्ष्यांचा एकच कलकलाट उठला. बाकांवरच्या प्रत्येक कोळ्याला कळलं, हेरिंग मासळी आली. ओस्मुंडचे हात शिवशिवायला लागले.

"जा ना," शेजारी बसलेली त्याची बायको गुनवोर कुजबुजली. "उद्यापर्यंत थांबणार आहे का ती?"

"देवाच्या दिवशी जाळं टाकायचं नाही. आजोबांनीसुद्धा कधी टाकलं नाही."

"आजोबांच्या घरात पीठ तरी होतं."

तो अर्धवट उठला. तेवढ्यात पुढे उभ्या असलेल्या योस्टाइनकाकांनी उपदेश थांबवून पुन्हा गाण्यांचं पुस्तक उघडलं. एरवी दोन गाणी म्हणून सगळे घरी जायचे. आज हे चौथं होतं.

"काका, पुरे आता," ओस्मुंड कळवळून म्हणाला. "सोडा आम्हाला."

"बस खाली," काकांचा आवाज फाटला. "बस, आणि मोठ्यानं म्हण, बाबा. ते पक्षी मलाही ऐकू येतायत. माझीही होडी खालीच बांधलीय."