मागचं दाखवणारी काच

"मॅटच घ्या की मॅडम," कुमार म्हणाला. "ग्लॉसीत रंग झकास उठतात, पण मागचं सगळं दिसतं. ट्यूबलाइट, खिडकी, मागं बसलेलं माणूस. काम करताना नुसता डोक्याला ताप."

सात रस्त्यावरच्या त्याच्या दुकानात दोन लॅपटॉप शेजारी शेजारी उघडे होते. एकाची स्क्रीन मंद, पाटीसारखी. दुसऱ्याची लखलखीत. ऋतुजानं मंद स्क्रीनकडं बोट केलं. मागचं बघायची तिला काडीची हौस नव्हती. मागं, दाराजवळच्या खुर्चीत, तिची सासू मायाक्का मांडीवर गाठोडं घेऊन बसली होती.

दुपारच्या गाडीनं मायाक्का केम गावी जाणार होती, लेकीकडं, कायमची. सोमवारी ऋतुजा पुण्याला. घरून काम करायचं की ऑफिसात यायचं, काय ते ठरवा, असं कंपनीनं विचारलं आणि ती 'येते' म्हणून मोकळी झाली. नेमका जुना लॅपटॉपही बंद पडला. इथल्या शुक्रवार पेठेतल्या भाड्याच्या खोलीला आता कुलूप. कुणी कुणाला जा म्हणालं नव्हतं, राहा म्हणालं नव्हतं.

म्हणणार कोण? ऋतुजाचा नवरा शहाजी अपघातात गेला तेव्हापासून मायाक्का सुनेशी बोललीच नव्हती. बोलणं सोडाच, तोंडाकडं बघायची नाही. ताट पुढं सरकवायची तेसुद्धा भिंतीकडं बघून. मातीला आलेल्या बायका 'पांढऱ्या पायाची' म्हणून कुजबुजल्या, त्या निदान बोलल्या तरी. ही बाई न बोलता रोज तेच म्हणत होती, असं ऋतुजाला वाटायचं. एक खोली, दोन माणसं आणि सगळं चिडीचूप. घरात दुसरं कुणी नसतं तर इतकं एकटं वाटलं नसतं.

आणि ते बोटं मोडणं! ऋतुजाचं टेबल भिंतीला लावलेलं, मायाक्काची खाट तिच्या पाठीमागं. सकाळी ही कामाला बसली रे बसली की मागून कडाकडा आवाज यायचा. भांडण झालं की गावाकडच्या बायका अशीच बोटं मोडून तळतळाट देतात, हे ऋतुजानं लहानपणापासून पाहिलेलं. झटकन वळून बघावं तर म्हातारीचे हात मांडीवर आणि तोंड भिंतीकडं. पाठीवर शाप घेऊन माणसानं काम करायचं तरी किती? म्हणून तर पुण्याला हो म्हटलं होतं तिनं.

"दोन्हीवर बसून बघा तरी," कुमार म्हणाला. "एकदा नेलं की बदलून मिळत नाही."

ऋतुजानं मंद स्क्रीनवर चार ओळी टाइप केल्या. ठीक होतं. मग त्याच्या समाधानासाठी ती दुसऱ्या लॅपटॉपपुढं सरकली. तो हात न लावल्यामुळं झोपी गेला होता. स्क्रीन काळीभोर. तिच्यात ऋतुजाला आधी आपला ओढलेला चेहरा दिसला, मग खांद्यामागं मायाक्का.

मायाक्का तिच्याकडं बघत होती. भिंतीकडं नाही, रस्त्याकडं नाही, सुनेच्या पाठीकडं, एकटक. तिनं गाठोडं खाली ठेवलं. कुणी बघत नाही ना, याची खात्री केली. मग दोन्ही हात पुढं केले आणि लांबूनच, हवेतल्या हवेत, सुनेच्या डोक्यापासून कमरेपर्यंत फिरवले. तेच हात तिनं आपल्या कानशिलांवर नेले आणि बोटं मोडली.

कडाकडा. तोच आवाज.

अगं बाई! ही तर आलाबला घेतेय. लेकराची इडापिडा आपल्या डोक्यावर ओढून घेतेय म्हातारी. रोज सकाळी हेच करत होती ही, आणि आपण काय समजत बसलो!

तिला मागं वळावंसं वाटलं. पण वळलं की ते हात पुन्हा मांडीवर जातील, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती तशीच पाठमोरी बसून राहिली.

"आत्याबाई," ती काचेतल्या चेहऱ्याला म्हणाली, "समोरनं का बघत न्हाय तुमी माज्याकडं?"

मायाक्का दचकली.

"माजी नजर लई वाईट हाय, पोरी," ती म्हणाली. "त्या दिवशी शहाजी नवा सदरा घालून निघाला. लई देखना दिसतोय माजा वाघ, म्हनले मी. डोळं भरून बघितलं. आन् त्यो माघारी आलाच न्हाय. त्याच्या मागं तू तेवढी राहिलीस. तू पाठमोरी बसलीस की तेवढं बघून घेते आन् लगीच उतरून टाकते. समोरनं बघायचं धाडस न्हाय व्हत."

ऋतुजाला हुंदका आवरेना. कुमार बिचारा गोंधळून दोघींकडं बघत राहिला. शेवटी हळूच म्हणाला, "मॅडम, मग मॅट बांधू ना?"

"नको. हाच द्या."

"अहो, पण मघाशी तुम्हीच म्हणालात, पुण्याला हॉस्टेलवर..."

"पुण्याला कोण चाललंय?" ऋतुजानं ओढणीनं डोळे पुसले. "आणि केमलाही कुणी जात नाही. आत्याबाई, इकडं या. माज्या मागं उभ्या राहा."

मायाक्का उठली. भीत भीत जवळ आली. सवयीनं तिनं तोंड फिरवलं, पण ऋतुजानं मागं हात करून तिचा हात धरला आणि दुसऱ्या हातानं स्क्रीन जराशी वर उचलली. काळ्या काचेत दोघींचे चेहरे एकापाठोपाठ एक आले.

"आता बघा पोटभर," ती म्हणाली. "काचेतनं नजर लागत न्हाय."