मऊ माती

“घरात कुत्रं आहे?” दिव्याच्या मेंदूच्या फोटोतला पांढुरका ठिपका दाखवत डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“आमच्यात नाही. शेजारच्या सोजरबाईंचं आहे,” वर्षाली फणकारली. “किती वेळा सांगितलं, बांधून ठेवा म्हणून! खाल्लं ना माझ्या पोरीला!”

“कुत्र्यांच्या पोटातल्या जंतांमुळे झालंय हे. मोठ्या कुत्र्यांपेक्षा लहान पिल्लांत ते जास्त. विष्ठेतून त्यांची अंडी मातीत जातात, तिथे महिनोन्महिने टिकतात. मातीचं बोट तोंडात गेलं, की झालं. मेंदूपर्यंत क्वचितच पोचतात. हिला झटका त्यामुळेच आला. औषध आहे. उजव्या हाताचं मात्र आत्ताच सांगता येणार नाही.”

खाटेवर पाच वर्षांची दिव्या पेन्सिल धरू पाहत होती. पेन्सिल घरंगळली. ज्योतीरामने ती उचलून लेकीच्या मुठीत ठेवली. ती पुन्हा घरंगळली.

दिवाळीत तिने किल्ल्याचा हट्ट धरला होता. कारखान्यांच्या कुरुळीत त्यांच्या खोलीभोवती खणावं तिथे खडी आणि लोखंडाचा कीस. तिच्या बोटांना टोचू नये, म्हणून शिफ्ट सुटल्यावर त्याने कंपनीच्या भिंतीमागून पोतंभर माती आणली होती. तिथे एक कुत्री व्यायली होती. पिल्लांनी लोळून लोळून माती पिठासारखी मऊ केली होती. त्यांना हळूच बाजूला सारून त्याने ती भरून घेतली होती.

“घरी गेल्यावर बघतेच त्या सोजरबाईकडं,” वर्षाली म्हणाली.

ज्योतीरामने पेन्सिल पुन्हा उचलली.

दुपारी कपडे न्यायला तो खोलीवर आला. सोजरबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. त्यांचं म्हातारं कुत्रं खांबाला आखूड दोरीने बांधलेलं होतं.

“लेकरू कसं हाय, बाबा?” त्यांनी विचारलं. “वर्षाली म्हणती तसं बांधलंय बघ मी त्याला. सकाळपासनं भाकरीला तोंड लावलं न्हाई त्यानं.”

“सोडा त्याला, मावशी.” तो दोरीच्या गाठीशी वाकला. “ती माती मीच आणली होती.”

सोजरबाईंना काही उमगलं नाही.

दाराशेजारी किल्ला अजून उभा होता. त्यावर पेरलेले अळीव केव्हाच वाळले होते. ज्योतीरामने कंपनीचे हातमोजे चढवले, फावडं उचललं, आणि थांबला. बुरुजाभोवती गोल फिरून दिव्याने उजव्या हाताचं बोट खुपसून खिडक्या पाडल्या होत्या. सगळ्या सारख्या, एका ओळीत.

त्याने एक हातमोजा काढला. त्याचं बोट एकाही खिडकीत मावेना.