ठिगळाची टोपी

पिशवीत हात घातला आणि घड्याळजींच्या बोटांना ठिगळ लागलं. त्यांच्या स्वतःच्या टोपीला ठिगळ नव्हतं.

त्यांनी हात बाहेर काढला, शेजारी बसलेल्या न्हाव्याकडे बघून उगाच हसले आणि पुन्हा चाचपून पाहिलं. ठिगळच. कडेनं जाड दोऱ्याचे टाके. म्हणजे ही तारवाल्याची टोपी, पोस्टात तारा पोचवणाऱ्या त्यांच्या जुन्या दोस्ताची. घड्याळजींच्या तोंडचं पाणी पळालं.

सुनेला चांगुलपणाची भारी हौस. निघताना ती म्हणाली होती, "बाबा, जुन्या टोप्यांचा कार्यक्रम ना? मग माळ्यावरच्या ट्रंकेतली घातलीय पिशवीत, ती जास्त जुनी आहे." घड्याळजी बूट घालण्याच्या नादात हो हो म्हणून गेले. आता तिला बोलून तरी काय उपयोग?

गळ टाकणाऱ्यांच्या मंडळाची वार्षिक सभा चालली होती. यंदाची टूम सेक्रेटरीच्या डोक्यातली. प्रत्येकानं मासेमारीची आपली आवडती टोपी आणायची आणि तिची आठवण सांगायची. दंतवैद्य उभे होते. टोपली घरी विसरल्यामुळे एकदा त्यांनी सगळे मासे टोपीतून घरी नेले होते, तेव्हापासून बायको त्या टोपीला उंबऱ्याच्या आत घेत नाही. लोक पोट धरून हसत होते. घड्याळजीही हसले, पण दोन क्षण उशिरा.

कारण दुसऱ्या रांगेत वहिनी बसल्या होत्या. तारवाल्याची बायको. मंडळ दर वर्षी त्यांना आठवणीनं बोलावतं. टोपीचं ठिगळ त्यांच्याच हातचं, त्यांच्या जुन्या पडद्याच्या लाल चौकड्याचं. अख्खं मंडळ त्या टोपीला ओळखत होतं.

अठरा वर्षांपूर्वी घड्याळजी तलावावरून एकटेच परतले होते. वारा सुटला, नाव कलंडली, तारवाला बुडाला तो वर आलाच नाही, असं त्यांनी पोलिसांना सांगितलं. पाणबुडे चार दिवस शोधत होते. टोपीचं काय झालं, असं वहिनींनी खास विचारलं होतं. "डोक्यावरच होती," घड्याळजी म्हणाले होते. आणि टोपी ट्रंकेत. तेव्हाच जाळायला हवी होती. पण जिवलगाची वस्तू, हात धजावला नाही. भोगा आता.

पोलिसांची त्यांना एवढी धास्ती नव्हती. या वयात कोण काय उकरून काढणार? धास्ती गुरुवारची होती. दर गुरुवारी ते वहिनींकडे जायचे. कधी नळ गळायचा, कधी दाराची कडी निखळायची, भिंतीवरचं घड्याळ तर सारखंच रुसायचं. काम झालं की चहा. पहिली काही वर्षं ते मन खायचं म्हणून गेले. स्वतःची बायको आधीच देवाघरी गेलेली. पुढे पुढे ते बुधवारीच शर्टाला इस्त्री करून ठेवायला लागले. ही टोपी बाहेर निघाली की ते दार कायमचं बंद. त्यापुढे त्यांना विचारच करवेना.

"आता शाळेचे शिपाईमामा, आणि मग आपले घड्याळजी," सेक्रेटरीनं पुकारलं.

घड्याळजी उठले. "जरा बाहेर जाऊन आलो."

"बसा हो, पाच मिनिटांत तुमचाच नंबर," न्हावी म्हणाला आणि त्यांची बाही धरून त्यांना खाली बसवलं.

शिपाईमामांचा गळ एकदा त्यांच्याच टोपीत अडकला होता आणि मोठा मासा लागला म्हणून त्यांनी सगळा काठ गोळा केला होता. घड्याळजींना त्यातलं अर्धंही ऐकू आलं नाही. टोपी घरी राहिली म्हणून सांगावं. छातीत दुखतंय म्हणावं. दुखत तर खरंच होतं.

"मी विसरलो आणायला," नाव पुकारल्यावर ते म्हणाले.

"काय थापा मारता! मघापासून पिशवीत हात घालून बसलाय," न्हावी म्हणाला. त्यानं पिशवी ओढली आणि टोपी काढून सगळ्यांना दिसेल अशी उंच धरली.

हसणं थांबलं.

"ही तारवाल्याची," सेक्रेटरी सावकाश म्हणाला. "घड्याळजी, ही त्याच्या डोक्यावर होती म्हणाला होतात तुम्ही."

सगळे वळून वहिनींकडे बघायला लागले.

वहिनी उठल्या. न्हाव्याच्या हातातून टोपी घेतली, ठिगळावरून अंगठा फिरवला. "दोन टोप्या होत्या," त्या म्हणाल्या. "एकाच पडद्यातली दोन ठिगळं. एक ह्यांच्या डोक्यावर गेली. ही मीच भाऊजींना दिली होती, आठवण म्हणून. माझ्यासमोर दाखवायला संकोचले असतील."

सभागृहात सुस्कारे सुटले. न्हाव्यानं कान पकडले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या.

दुसरी टोपी कधीच नव्हती. हे त्या सभागृहात दोघांनाच ठाऊक होतं.

सभा संपल्यावर वहिनी सायकलींच्या मांडवापाशी उभ्या होत्या. घड्याळजी जवळ गेले.

"वहिनी, मला तुम्हाला सांगायचंय. त्या दिवशी तलावावर..."

"नाव कलंडलीच नव्हती," वहिनी म्हणाल्या. "ह्यांचं पत्र आलं होतं, दुसऱ्याच महिन्यात. दुसरीबरोबर संसार मांडलाय, वाट बघू नकोस, असं लिहिलं होतं. तुम्ही पलीकडच्या काठाला उतरवून दिलंत आणि टोपी नावेतच राहिली, तेही लिहिलं होतं."

घड्याळजींनी मांडवाचा खांब धरला. "टाकलेली बायको म्हणून लोक तुम्हाला नावं ठेवतील, त्यापेक्षा मेलो म्हणून सांग, असं म्हणाला तो. मी शब्द दिला आणि अठरा वर्षं जळत राहिलो. तुम्हाला सगळं माहीत होतं, तर एकदा तरी बोलायचं."

वहिनींनी त्यांच्याकडे सरळ पाहिलं.

"बोलले असते, तर तुम्ही गुरुवारी यायचं बंद केलं असतं."