तिच्याएवढाच

वरवंडची तेजश्री ऑनलाइन ऑर्डरी घेऊन फोटो छापून द्यायची. राहू गावच्या साहेबराव आबांना वारलेल्या बायकोचा फोटो दाराएवढा मोठा हवा होता. त्यांनी पाठवलेला फोटो मात्र लग्नातल्या घोळक्यातून कापलेला, अगदी बारका होता. दिवसभर असलेच फोटो बघून थकलेल्या तेजश्रीनं त्यांना फोन लावला.

"आबा, ह्यात पिक्सेल कमी हायेत. मोठा केला तर चेहरा फुटंल. आजींचा एकटीचा फोटो न्हाई का?"

"न्हाई. ती कायम कुणाच्या तरी मागंच उभी राहायची."

"मग पोस्टकार्डाएवढाच नीट निघंल."



"तेवढाच काढ, पोरी. आन् माझा बी आत्ताच तेवढाच काढून ठेव. न्हाईतर माझ्यामागं पोरं माझा मोठा लावत्याल."