अठरा माळांची कॉइल

मीटरचा काटा जागचा हलला नाही.

रूपरावनं मीटर झटकलं, दोन्ही टोकं पुन्हा टेकवली. काटा पडूनच. तासाभरात त्यानं आधी जॅकवर आळ घेतला, मग स्विचवर, मग आवाजाच्या खुंटीवर. तिघंही निर्दोष सुटले. आता पुराव्यानिशी सापडली ती गिटारच्या तारांखालची, आवाज पकडणारी कॉइल. आत कुठंतरी तुटलेली.

"मेली ही," रूपराव म्हणाला. वर्ध्यात पंपाच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देण्यात त्याची हयात गेली होती. गिटार त्यानं आज पहिल्यांदाच उघडली होती, पण हे गिऱ्हाइकाला सांगणाऱ्यातला तो नव्हता.

गिऱ्हाईक म्हणजे नयन. साडेचारच्या बसनं त्याला गिरडला जायचं होतं. तिथं एका लग्नात ऑर्केस्ट्रा होता.

"नवी कॉइल मुंबईहून येते काका, आठ दिवस लागते. अन् मालक म्हणते, आज गिटार नाई वाजली त उद्यापासून कॅसिओवालाच ठेवतो. तुले नाई."

"तारेचे फेरे किती हायेत इच्यात?"

नयन समोरच्या एसटीडी बूथवरून नागपूरच्या वाद्यांच्या दुकानात फोन लावून आला. साडेसात ते आठ हजार.

रूपराव रिळांच्या फळीकडं वळला. पंपाच्या कॉइलला साठ-सत्तर फेरे. ते बोलता बोलता होतात. केसाहून बारीक तारेचं एक रीळ त्याच्याकडं होतं, दहा वर्षांपूर्वी भंगारात घेतलेलं. हातानं फिरवायचं मशीनही होतं. पण मशीनवरचा फेरे मोजणारा डबा मागच्या दिवाळीपासून एकाच आकड्यावर बसला होता.

"मोजाले काय होते? मी मोजीन," आत कागदाच्या पट्ट्या कापत बसलेली धुरपता म्हणाली. रूपरावची बायको.

"अवं, आठ हजार हायेत ते. मेथीच्या जुड्या नाईत."

"माह्या रोजचा जप किती होते, तुमाले मालूम तरी हाये का?"

हँडलचा एक फेरा म्हणजे तार गुंडाळायच्या बॉबिनचे चार. तिनं मनातल्या मनात भाग घातला आणि तुळशीची माळ काढून आणली. "अठरा माळा," ती म्हणाली.

तार धरणं हे कारागिराचं काम, म्हणून तार रूपरावनं धरली. माळ उजव्याच हातात घ्यायची, म्हणून हँडल धुरपताच्या डाव्या हाताकडं गेलं. नयन बाकावर बसला. त्याला काम नव्हतं, फक्त काळजी होती.

पहिली माळ सुरळीत झाली. पण मेरुमणी ओलांडायचा नसतो, तिथून माळ उलटी फिरवायची असते. उजवा हात सवयीनं उलटा फिरला, आणि त्याच्या पाठोपाठ डावाही. तार ढिली पडून लोंबायला लागली. हँडलचे सात फेरे उलगडले. पाप-पुण्याच्या वहीत सात जमा, कॉइलच्या हिशेबात सात वजा.

"सात वापस दे," रूपराव म्हणाला. "देवाले नाई. मले."

तिसऱ्या माळेला लाइट गेली. भारनियमन; आता सहाशिवाय येणार नव्हती. पंखा थांबला, शेजारची गिरणी थांबली, आणि सगळ्या गल्लीत एक हँडल तेवढं फिरत राहिलं. धुरपताचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. तार दिसत नव्हती. रूपरावच्या चिमटीतून काहीतरी लालसर चमकून जायचं एवढंच. कुणीतरी आपली मोटार न्यायला आला, दारात जरा उभा राहिला आणि न विचारताच निघून गेला. नयनला वाटलं, बॉबिनवर तार जातच नाहीये. दारातलं ऊन, लांबून येणारी सायकलची घंटी, अर्धवट झोपलेली ही सगळी दुपारच कुणीतरी बारीक कातून तिथं गुंडाळून ठेवत आहे. आपल्याला कुठं जायचं आहे, हे तो मधले काही मणी विसरलाच.

"अठरा," धुरपता म्हणाली. चार वाजायला पाच कमी.

चहाच्या स्टोव्हवर सोल्डरिंगची सळई तापवून रूपरावनं दोन डाग दिले, कॉइल परत तारांखाली बसवली. मीटर लावलं. काटा उठला.

"झालं तुह्यं काम. जाय."

"वाजल्याबिगर कसा नेऊ, काका? काटा सांगते तार साबूत हाये. आवाजाचं कोण सांगते? स्टेजवर चढलो अन् मुकी निघाली त?"

ॲम्प्लिफायरला लाइट हवी. रूपरावनं खण उपसून एका मेलेल्या ट्रान्झिस्टरचा इअरफोन काढला. "याले लाइट लागत नाई. तारा हालल्या का कॉइल आपली आपण बोलते. हळू बोलते, कानातल्या कानात." त्यानं इअरफोनची दोन टोकं जॅकला धरली. वायर वीतभरच होती, वाजवणाऱ्याच्या कानापर्यंत पोचेना. रूपरावचे कान तर मोटारींनी केव्हाच खाल्लेले. मग धुरपतानं खाली बसून पदर कानामागं सारला आणि इअरफोन आपल्या कानात घातला.

नयननं तार छेडली. दुकानात नुसती खिसखिस झाली, कुणी भिंत खाजवावी तशी.

"येते का आवाज, काकू?"

तिनं इअरफोन आणखी आत दाबला. त्यानं पुन्हा छेडली. मग त्यानं गाणंच धरलं, संध्याकाळी पहिलं वाजवायचं होतं ते. तिनं डोळे मिटले. त्याची बोटं खालीवर धावत होती, नजर तिच्या चेहऱ्यावर होती, आणि त्या चेहऱ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

"अवं, काई येते का नाई?" रूपराव म्हणाला. "त्याची बस जाईन."

तिनं हात वर केला, थांबा म्हणून. थांबायचं ते रूपरावनं. नयनला तिनं बोटानं पुढं चाल म्हटलं.

गाणं संपलं. धुरपतानं डोळे उघडले. आधी दोघांकडं पाहिलं, मग दाराबाहेरच्या झोपलेल्या गल्लीकडं, मग पुन्हा दोघांकडं.

"एवढ्या जोरानं वाजून राह्यली," ती म्हणाली. "तुमाले नाई आली का ऐकू?"